पांढऱ्या बाटलीतलं अंडं

वाशी, मंगळवार, १४ ऑक्टोबर १९८६

ड्युटीवरून आत्ताच आलेय.

आतड्याचं ऑपरेशन झालेल्या म्हात्रेकाकांना तोंडाने काही देता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी शिरेतून द्यायची, दुधासारखी पांढरी पोषणाची बाटली सांगितली. मी ती लावत होते तेव्हा काकूंनी विचारलं, "सिस्टर, यात अंडा नाय ना? यांना अंड्यानं गांधी उठतात, दम लागतो."

"अहो, सलाइनमध्ये कुठलं अंडं?" मी हसले. का हसले?

दहा मिनिटांत काकांच्या छातीवर गांधी उठल्या, श्वास अडकला. मी बाटली बंद केली, डॉक्टर धावत आले, इंजेक्शनं दिली. तासाभराने काका सावरले.

मग मी लेबल वाचलं. सोयाबीन तेल, ग्लिसरीन आणि बारीक अक्षरांत अंड्याच्या बलकातलं लेसिथिन. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

काकू माझा हात धरून म्हणाल्या, "तू व्हतीस म्हनून वाचले."

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, केसपेपरवर लाल शाईने 'अंड्याची ॲलर्जी' असं लिहिलं. मग काकूंनाही सांगितलं, बाटलीत अंडं होतं आणि मी लेबल वाचलंच नव्हतं.

त्यांनी हळूच हात सोडवून घेतला. म्हणाल्या, "उद्या दुसरी सिस्टर येल ना?"