चौथ्या डिव्हिजनचा बाप

२३ ऑगस्ट, शनिवार. सकाळी ६.४०
नवी वही. कासुमिदाई विद्यापीठाच्या मुलांच्या बास्केटबॉल टीमचा सीझन पुढच्या शनिवारी सुरू होतोय. नियमित लिहायचं. पुढेमागे रेनचं नाव झालं की लोक विचारतील, तेव्हा तारखा हाताशी हव्यात.

टीमची स्थिती: विद्यार्थी लीगचं चौथं डिव्हिजन. पाचवं आहे की नाही हे मी मुद्दाम बघितलेलं नाही. गेल्या वर्षी नऊ मॅचेस, नऊ पराभव. म्हणजे सुधारणेला भरपूर वाव. माझा अंदाज सहा विजय, एक्सेलमध्ये मांडलाय. रेन (वय २०, दुसरं वर्ष, जर्सी नंबर १७, एकुलता एक) यंदा पहिल्या पाचात असणार. उंची आईकडची नाही, माझ्याकडची. नजरही माझी. मी स्वतः कोल्हापूरला इंटर-कॉलेजिएट खेळलोय. दोन वर्षांत एकूण चार मिनिटं, पण तेव्हाचा कोच राजकारणी होता.

संकल्प: (१) स्टँडमधून ओरडायचं नाही. (२) कोचला ईमेल करायचा नाही. (३) रोज पाच कांजी, म्हणजे जपानी चित्राक्षरं, शिकायची. एकवीस वर्षं जपानमध्ये राहून वॉर्ड ऑफिसचं पत्र बायकोकडून वाचून घ्यावं लागतं, हे बरं दिसत नाही.

पहिल्या संकल्पाचं कारण लिहून ठेवतो. मे महिन्यातल्या टूर्नामेंटमध्ये मी रेफरीला त्याची चूक दाखवून दिली. आधी जपानीत, मग इंग्रजीत, शेवटी मराठीत. सगळी जिम चिडीचूप होऊन ऐकत होती. मॅच थांबवून आमच्या कोचने रेफरीपुढे कमरेत वाकून माफी मागितली. मॅचनंतर रेनसुद्धा एकेका खेळाडूपुढे जाऊन वाकत होता. टीम स्पिरिट म्हणतात ते हे. मला एक छापील कागदही देण्यात आला. हितोमीने (बायको) तो वाचला, त्याची नीट घडी घातली आणि तो रद्दीच्या दिवशी गठ्ठ्यात बांधून खाली नेला. काय लिहिलं होतं विचारलं, तर म्हणाली, प्रेक्षकांचं स्वागत आहे असं.

नाश्त्याला रेनला विचारलं, तयारी कशी चाललीय. बेत्सुनी म्हणाला. म्हणजे विशेष काही नाही. आत्मविश्वास असलेला खेळाडू असाच तुटक बोलतो.

२४ ऑगस्ट, रविवार
कोचला झोन डिफेन्सबद्दल अकरा मुद्दे पाठवले, आकृत्यांसह. संकल्प मोडलेला नाही. ईमेल रिकामा होता, मजकूर सगळा अटॅचमेंटमध्ये.
कांजी: रविवार असल्याने शून्य.

३० ऑगस्ट, शनिवार. पहिली मॅच
४१–९६.
आकडा दिसतो तितका वाईट नाही. पहिली चार मिनिटं आपण फक्त दोनने मागे होतो.

रेन नव्हता. सकाळी टीमचा ट्रॅकसूट घालून, बॅग घेऊन निघताना सांगून गेला की त्याला चिबाकडच्या दुसऱ्या जिममध्ये टेबलचं काम आहे. इथे स्कोअर लिहिणं, घड्याळ चालवणं ही कामं विद्यार्थ्यांनीच करायची असतात, आणि त्यासाठी प्रत्येक टीम आपली काही मुलं दुसरीकडे पाठवते. कोचने नेमकं रेनला पाठवलं. घड्याळ काही कोणाच्याही हातात देत नाहीत.

पालकांनी टीमसाठी खाऊ न्यायची पद्धत आहे, साशिइरे म्हणतात. पालक आम्ही तिघेच. बाकी दोघींनी एकेकाला वेगळं पाकीट अशी जेली आणली होती. मी दोन किलो चिवडा, घरचा, एका डब्यात. चमचा घरी राहिला. टीमची मॅनेजर कानो-सान, फार अदबशीर मुलगी, डबा दोन्ही हातांनी घेऊन गेली. प्रत्येक खेळाडूने एकेक शेंगदाणा उचलला आणि माझ्याकडे बघून मान लववली. डबा परत आणताना चांगलाच जड होता.

ओरडलो नाही. फक्त सूचना दिल्या.

३१ ऑगस्ट, रविवार
३८–८७. कालचा फरक पंचावन्न, आजचा एकोणपन्नास. एका रात्रीत सहाची सुधारणा. या वेगाने नवव्या मॅचला आपण फक्त सातने हरू. विजयांचा अंदाज सहावरून पाचवर आणला, वास्तववादी असावं माणसाने.

रेन पुन्हा टेबलावर.

संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला. आरतीनंतर देवदत्तने (मंडळाचा सेक्रेटरी, जपानी भाषेची सगळ्यात वरची परीक्षा पास आहे आणि ते कोणाला विसरू देत नाही) विचारलं की तुमचा रेन हल्ली दिसत नाही. मी म्हटलं, दिसेल की, चौदा तारखेला, कोर्टवर. माइक चालू होता. तिथल्या तिथे आठ जणांनी नावं दिली. देवदत्तची बायको ज्योत्स्ना वहिनी बॅनर करणार आहेत.

६ सप्टेंबर, शनिवार
५२–८८. आलेखाच्या पुढे चाललोय.

रेन टेबलावर. तिसऱ्यांदा. धुण्यात त्याचा टीशर्ट घामाने चिंब भिजलेला होता. नुसतं टेबलावर बसून एवढा घाम, म्हणजे कामाचं टेन्शन किती असेल.

हितोमीला म्हटलं, कोच पोराला वाया घालवतोय, मला बोललं पाहिजे. ती घड्या घालत होती. म्हणाली, कोचशी नको, रेनशी बोला. गेलो. दार बंद होतं, म्हणून बाहेरूनच झोन डिफेन्सबद्दल दहा मिनिटं बोललो. आतून एकदा हो आलं. बऱ्याच दिवसांनी आमचं इतकं मोकळं बोलणं झालं.

१० सप्टेंबर, बुधवार
कोचचं उत्तर आलं. ट्रान्सलेटरमध्ये टाकून वाचलं. दोन ओळी. अशा परिस्थितीतही आपण टीमला पाठिंबा देत राहिलात, त्याने आम्ही सगळे भारावून गेलो आहोत, वगैरे. परिस्थिती म्हणजे लागोपाठ तीन पराभव. अकरा मुद्द्यांबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे अमलात आणायला घेतलेले दिसतात. रेनचंही नाव नाही. जरा खटकलं. मग लक्षात आलं, बाकीच्या पालकांना वाईट वाटू नये म्हणून घेतलं नसेल.

जेवताना रेनला सांगितलं, रविवारी मंडळाची आठ माणसं येताहेत. त्याने चमचा खाली ठेवला आणि जपानीत विचारलं, त्यांना येऊ नका असं सांगता येणार नाही का. मी म्हटलं, अजिबात दडपण घेऊ नकोस. तो आईकडे बघत राहिला. हितोमी उठून बेसिनपाशी गेली आणि धुतलेलाच कप पुन्हा धुवायला लागली.

कांजी: तीन. आजवरच्या एकूण.

१४ सप्टेंबर, रविवार
स्कोअर लिहीत नाही.

आम्ही नऊ जण. रेन सकाळीच निघून गेला होता. जिममध्ये शिरतो तर १७ नंबर कोर्टवर, पहिल्या पाचात. माझा ऊर भरून आला. मग तो वळला आणि दिसलं की हा रेन नाही. पहिल्या वर्षाचा, आजवर न खेळलेला कोणीतरी बुटका मुलगा. पण तोवर ज्योत्स्ना वहिनींनी झेंडूची नक्षी काढलेलं बॅनर उलगडलं होतं आणि आठही जण रेन, रेन करून ओरडायला लागले होते. देवदत्त म्हणाला, प्रल्हादराव, हा आपला रेन नव्हे. मी म्हटलं, इथे जर्सी आलटून पालटून घालतात. तो मुलगा दर वेळी बॉल हातात आला की आमच्याकडे बघायचा आणि बॉल सुटायचा. सहा वेळा सुटला. सातव्यांदा कोचने त्याला बाहेर बसवलं, तेव्हा त्याने आमच्या दिशेने वाकून नमस्कार केला.

हाफटाइमला देवदत्त खाली जाऊन कानो-सानशी बोलला. परत येऊन माझ्या शेजारी बसला आणि बॅनर गुंडाळायला लागला. मग हळू आवाजात म्हणाला की रेनने जूनमध्येच टीम सोडली आहे.

मी खाली गेलो. कानो-सान गोंधळून गेली. तिला वाटत होतं मला माहीत आहे. टीम सोडायच्या फॉर्मवर सहीऐवजी घरच्यांचा शिक्का लागतो आणि त्यावर माझाच शिक्का आहे. मुलगा टीममध्ये नसतानाही वडील दर मॅचला येतात, याचं त्या सगळ्यांना फार अप्रूप होतं म्हणे. नवीन मुलांना कोच माझं उदाहरण देत असे.

शिक्का आठवला. जूनमध्ये मी पुणे ऑफिसबरोबर कॉलवर होतो. रेनने एक कागद समोर आणून ठेवला. वाचला नाही. वाचता आलाही नसता, पण विचारता आलं असतं. शिक्का मारला आणि त्याला अंगठा दाखवला. कागद उचलण्याआधी तो थोडा वेळ तिथेच उभा होता. मला वाटलं, पेन हवंय.

परतताना तोझाई लाइनच्या गाडीत सगळे आपापल्या फोनमध्ये बघत होते. निशी-कसाईला उतरल्यावर ज्योत्स्ना वहिनी एवढंच म्हणाल्या, घरी पोराला रागावू नका हो.

१५ सप्टेंबर, सोमवार
ज्येष्ठांचा सन्मान करायची सरकारी सुट्टी.

रेन मराठीत बोलला. शाळेत जायला लागल्यापासून तो मला मराठीत उत्तर देत नाही. आज दिलं. मला नीट कळावं म्हणून असेल. क्रियापदं चुकत होती, मी एकदा दुरुस्त केलं, हितोमीने माझ्याकडे पाहिलं, मग केलं नाही.

मी विचारलं, कोचने त्रास दिला का. नाही म्हणाला. सीनियर मुलांनी? तेही नाही. मे महिन्यानंतर सगळे त्याच्याशी जास्तच चांगले वागायला लागले होते आणि ते त्याला सहन होईना. मग म्हणाला, पप्पा, तुम्ही असता तर मला बॉल नको होतो. बॉल आला की आधी तुम्ही ऐकू येता. तुम्ही गप्प बसला तरी ऐकू येता.

खेळणं मात्र सोडलेलं नाही. दर शनिवारी सकाळी वॉर्डाच्या जिममध्ये जातो. जो येईल तो खेळतो, मेकॅनिक, शिक्षक, कोणीही. दुपारी आणि रविवारी बाइतो, म्हणजे पार्टटाइम काम, एका गोदामात. त्याने फक्त एक मागितलं: तिथे येऊ नका. मी शब्द दिला.

हितोमीला जूनपासून सगळं ठाऊक होतं. मला का नाही सांगितलं विचारलं, तर ती प्रल्हाद-सान म्हणाली. लग्नाआधी ऑफिसात म्हणायची तसं. चार वेळा सांगायचा प्रयत्न केला, म्हणाली. चारही वेळा तुम्ही मला काहीतरी समजावून सांगत होता.

मला फार वाईट वाटतंय. हे आलेखात बसत नाही.

संकल्प: एकच. तिकडे जायचं नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
पाळला. दिवसभर घरी. बाल्कनी धुतली. एक्सेल फाइल डिलीट केली. हे सोपं आहे, उगाच बाऊ केला होता. यापुढे मी वेगळा माणूस आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार. दुपारी १
गेलो.

लायब्ररीत चाललो होतो. लायब्ररी त्याच रस्त्याला आहे. लांबून पाहणं म्हणजे येणं नव्हे, असा मी विचार केला. दाराला काच आहे, तिथून पाहिलं.

हसण्याचा आवाज आला, तो रेनचा आहे हे मला लगेच ओळखता आलं नाही. एका टक्कल पडलेल्या माणसाने त्याला टाळी दिली. बॉल मागून घेत होता, ओरडून, हात वर करून. पाय सगळे चुकीचे पडत होते आणि बॉल आत जात होता. दहा मिनिटांत सात शॉट, पाच आत. इतका चांगला खेळतो हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्या सगळ्या मॅचेस पाहिल्या आहेत.

मग तो पाणी प्यायला दाराकडे आला आणि मी दिसलो. चिडला नाही. ओळखीच्या शेजाऱ्याला करतो तशी मान हलवली आणि परत आत गेला. त्यानंतर त्याच्याकडे आलेला प्रत्येक बॉल त्याने दुसऱ्याला देऊन टाकला. समोर कोणी नसतानाही दिला. तो टक्कलवाला त्याला मार, मार म्हणत होता.

तेव्हाच निघायला हवं होतं. एक तरी मारेल म्हणून आणखी वीस मिनिटं थांबलो.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ११
रेन घरीच आहे. नऊ वाजले, दहा वाजले, बॅग काही हलली नाही. गुडघा दुखत असेल, असं लिहायला घेतलं होतं. गुडघा दुखत नाहीये.

हितोमीने सकाळपासून काही विचारलेलं नाही. तिला माहीत आहे. रेनने सांगितलं असेल किंवा माझ्या तोंडावर दिसत असेल.

आत्ता तो खोलीतून बाहेर आला. जपानीत विचारलं, जेवायला काय आहे. मी म्हटलं भात आणि मासा. बरं म्हणाला आणि आत गेला. मी मागोमाग उठलो. दाराबाहेर उभा राहिलो. म्हणणार होतो की तू जा, खेळ, मी परत येणार नाही. पण अगदी हेच मी गेल्या वेळी म्हणालो होतो, म्हणून येऊन बसलो.