चिंचेनं घासलेली जाळी

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७

आज तुळशीचं लग्न लावलं. अंतरपाट धरला आणि समोर काय? ती जाळी! येरमाळ्याच्या ह्या सरकारी बंगल्यावर हे कारकून म्हणून आले त्याला सहा महिने झाले, पण त्या जाळीशी माझं अजून जमलेलं नाही. मागच्या अंगणात विटांची उघडी चूल, तिच्यावर लोखंडी जाळी. बंगल्यात उतरणाऱ्या साहेबांसाठी तिच्यावर मटण भाजतात. काळीकुट्ट, तेलकट! बोट लावलं तर चिकटेल. मी लावत नाही. आमच्या सात पिढ्यांत कुणी मटणाला शिवलेलं नाही.

खानसामा धुळाप्पा निजामाच्या काळापासून इथं आहेत. साठी उलटली असेल. राज्य बदललं, साहेब बदलले, जाळी तीच. आणि ते ती धूतच नाहीत! तापवायची, तारेच्या ब्रशानं खरवडायची, अर्धा कांदा फिरवायचा, वर बोकडाच्या चरबीचा बोळा. झाली सफाई! म्हटलं, "धुळाप्पा, एकदा पाणी तरी दाखवा हिला." तर म्हणतात, "पाणी लावायचं न्हाय बाईसाब. जाळी मरती."

मरती म्हणे! लोखंड मरतं होय?

मंगळवार, ५

शनिवारी मोठे साहेब येणार. त्यांना भाजलेलं मटण हवंय. ह्यांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलंय — सगळं लख्ख पाहिजे! आणि धुळाप्पा गेले लेकीकडं, अणदूरला. गुरुवारी उगवतील.

बरंच झालं.

बुधवार, ६

केलं एकदाचं! पाणी भरणारी नागम्मा घासत होती, मी दुरून सांगत होते. आधी राख आणि नारळाची शेंडी, मग चिंच. आमच्या देवघरातली ताम्हनं चिंचेनंच तर उजळतात. पाच बादल्या पाणी गेलं. काळं नुसतं खपल्याखपल्यांनी निघालं. शेवटी जाळी अशी चकचकीत झाली की हेसुद्धा "वा!" म्हणाले. लग्नाला अकरा वर्षं झाली, हा दुसरा "वा".

गुरुवार, ७

जाळी तांबडी! अंगणात दवात राहिली आणि सगळा गंज चढला. पुसला, तर दुपारी पुन्हा हजर.

धुळाप्पा आले. जाळीपाशी उकिडवे बसले, बोट फिरवून बघितलं. नागम्मा माझ्याकडं बघायला लागली, तेव्हा मीच म्हटलं, "मी घासून घेतली." उठले, चरबी घेऊन आले. "पुन्यांदा काळी व्हायला आठ दिस लागत्याल," एवढंच, तेही जाळीकडं बघून.

असा संताप आला! कुणाचं चांगलं करायला जावं तर हे तोंड बघायचं. आधी नीट सांगायला काय झालं होतं? सांगितलं होतं — पण असं कुठं सांगितलं होतं!

शुक्रवार, ८

धुळाप्पा अजून बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

शनिवार, ९

मटण जाळीला चिकटलं. उचटलं तर फाटलं, आणि वर गंजाचे कण. साहेबांनी ताट सरकवलं. "जाळी गंजवून ठेवता? सोमवारपासून हा माणूस मला इथं नको." हे नुसते "होय साहेब, होय साहेब"! ज्यांनी परवा "वा" म्हटलं तेच हे!

मी दाराआड उभी. वाटलं, आता धुळाप्पा माझं नाव घेतील. घेतलं नाही. खाली मान घालून उभे राहिले.

साहेब आत गेल्यावर मी तावातावानं चुलीपाशी गेले. "का नाही सांगितलं तुम्ही?"

"चार मानसांत बाईमानसाचं नाव कसं घ्यावं?" राख काढता काढता म्हणाले. "आन् तुमी काय वाईटासाठी केलं न्हाय."

माझी अब्रू राखायला कुणी सांगितलं होतं धुळाप्पांना! ह्या वयात जातील कुठं? राग येतोय. साहेबांचा, ह्यांचा, धुळाप्पांचा. आणि खरं लिहायचं तर माझाच.

रविवार, १०

हे म्हणाले, "तू गप्प बस. बोललीस तर आपलीच उचलबांगडी होईल."

होऊ दे! साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. पदर घेतला आणि सरळ पुढं जाऊन उभी राहिले. "जाळी मी घासून घेतली. चिंचेनं. धुळाप्पा गावात नव्हते."

"चिंचेनं?" साहेबांनी कप खाली ठेवला. मग ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "पुढच्या रविवारी परतताना मी इथंच जेवणार. मटण चिकटलं नाही तर राहू दे म्हाताऱ्याला."

हे तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. नका बोलू!

सोमवार, ११

जाळी दिवसातून चारदा तापवायची, चारदा चरबी लावायची. धुळाप्पांचे हात दुपारपर्यंत थरथरायला लागले. बोळा मी घेतला.

"गरम हाय बाईसाब. जपून."

आंघोळ केली तरी हातांचा वास गेला नाही. तशाच हातांनी तुळशीला पाणी घातलं.