कोऱ्या जाळ्याचा वास

बाबा,

त्या दिवशी पाहुण्यांसमोर तुम्ही खोटं का बोललात, हे मला विचारायचं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून पहिल्याच ओळीत विचारून टाकते. खोटं बोललात हे मला नक्की माहीत आहे. ते माझ्यासाठी बोललात, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या समजुतीवर मी नोकरी केली, संसार केला, तुमच्या तेरवीला रडले. आणि गेल्या आठवड्यात आईनं फोनवर एक वाक्य बोलून सगळा गुंता करून ठेवला. तिला ते कळलंही नाही. ती पुढं लगेच गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलायला लागली.

आधी तुमच्या जाळ्यांबद्दल लिहिते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. तुम्ही तळ्याकाठचं गाव सोडून चंद्रपूरला आलात, खाणीतलं पाणी उपसणाऱ्या पंपावर लागलात. तळं सुटलं, मासे सुटले, पण जाळं विणणं काही सुटलं नाही. पाळी संपवून यायचात, अंग धुवायचात, दाराच्या कडीला दोर अडकवायचात आणि बांबूची सुई घेऊन विणत बसायचात. मासे कुठले पकडणार होता शहरात, देव जाणे. तुमच्या जाळ्यात कांदे लटकायचे, शाळेची व्हॉलीबॉलची नेट तुम्हीच विणून दिलीत, पपईच्या झाडाला माकडांसाठी जाळं होतं. मला शिकवायला बसवलंत तर मी सारखी बडबडायची. तुम्ही एकदाच रागावलात, "गाठ मारताना बोलू नको, पोरी. बोलनं गाठीत अडकते." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, आणि खरं सांगायचं तर आताही कळलेला नाही.

जाळी झाली की यंत्रं. शेजाऱ्यांची इस्त्री, भिंतीवरचं घड्याळ, कोणाचा रेडिओ, घरात आलेली कुठलीही वस्तू तुम्ही उघडल्याशिवाय राहत नव्हता. आई म्हणायची, "यायच्या हातात मानूस देला तरी स्क्रू शोधतीन." माझी बारावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात तुम्ही कूलर करायला घेतलात. आपल्या गल्लीत बऱ्याच जणांकडे कूलर आला होता. आपल्याकडे ओल्या चादरी होत्या. पत्रा कापलात, भंगारातून पंखा आणून त्याचं वायंडिंग स्वतः भरलंत, छोटा पंप बसवलात, खिळा तापवून प्लास्टिकच्या नळीला ओळीनं भोकं पाडलीत. कूलरच्या गवताला बाहेरून तारेची जाळी लावतात. तुम्ही तिथं तुमचं जाळं ताणून बसवलंत. मी म्हटलं, लोक हसतील. तुम्ही म्हणालात, "तार गंजते. जाळं कधी गंजते का?" ते जाळं तुम्ही त्याच हिवाळ्यात विणलं होतं, माझ्यासमोर. पांढरं, कोरं, मासा सोडाच, तळ्याचं पाणीसुद्धा त्यानं पाहिलेलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, बाबा. म्हणजे तुमच्या लक्षात असेलच, मी माझ्यासाठीच लिहिते आहे.

कूलरची एवढी घाई कशासाठी चालली होती ते मला ठाऊक होतं. मला बघायला नागपूरहून पाहुणे येणार होते. मुलगा कुठल्याशा ऑफिसात कारकून. आपल्यातलेच, पण त्याच्या वडिलांनी माळ घातलेली, त्यामुळे घरातून मासोळी गेलेली. मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरात मासोळी बंद, यावर तुम्ही आणि आई दोन दिवस हसत होता. तरी पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी आईनं मासोळीचं कालवण केलंच, उद्या भांडी घासून पुरणपोळी करायची म्हणून. मासे धुतलेलं पाणी मागच्या दारी बादलीत राहिलं. आपल्याकडे मे महिन्यात कुठलंच पाणी फेकत नव्हते. तांदूळ धुतलेलं पपईला, भाजी धुतलेलं कूलरच्या टाकीत, मासे धुतलेलंही पपईला. हा आईचा कायदा होता आणि तो तुम्हालाही मोडता येत नव्हता.

मला डी.एड. करायचं होतं. हे मी आईला सांगितलं होतं, तुम्हाला सांगायची छाती नव्हती. तुम्ही रागावला असता असं नाही. तुम्ही तो कूलर इतक्या आनंदानं बनवत होता की त्याच्या मध्ये जाऊन नाही म्हणणं मला जमेना. मग सकाळी, तुम्ही दाढी करत होता आणि आई पुरण वाटत होती तेव्हा, मी मागच्या दारची ती बादली उचलली आणि कूलरच्या टाकीत ओतली. मेमधली बादली, रात्रभर राहिलेली. मी काय करते आहे हे मला समजत होतं. तुमच्या कूलरचं काय होईल, याचा विचार मात्र मनाला शिवला नाही. हे मी शपथेवर सांगते, आणि यात सांगण्यासारखं काही नाही हेही मला कळतं.

पाहुणे बसले आहेत. तुम्ही नवा सदरा घालून बटण दाबता. पंखा फिरतो, पंप गुरगुरतो, नळीतून पाणी गवतावर झिरपायला लागतं आणि तुम्ही माझ्याकडं बघून हसता. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी. मग वास येतो. आधी थोडा, मग खोलीभर. मुलाचे वडील गळ्यातली माळ चाचपतात आणि म्हणतात, "बुवा, मासोळीचा वास येऊन राह्यला, नाई? आमाले सोडून धा वर्सं झाले." तुम्ही उठता. कूलरच्या मागं जाता, झाकण उचलता, टाकीत बोट बुडवता आणि नाकाशी नेता. पाहुण्यांची पाठ तुमच्याकडं आहे. मी समोर आहे, मी पाहते आहे. तुम्ही सरळ उभे राहता, बोट सदऱ्याला पुसता आणि म्हणता, "जाळं जुनं हाय जी. माह्या बापाचं. तेचाच वास हाय. माहीच चुकी झाली." आणि बटण बंद करता. नव्या सदऱ्यावर ओला डाग पडलेला होता.

पाहुणे पुरणपोळी खाऊन गेले. कळवतो म्हणाले, कळवलं नाही. आईनं आठवडाभर जाळ्याला शिव्या घातल्या. "कोनत्या बुद्धीनं ते लावलं? अख्ख्या जगाले तारेची जाळी पुरते, यायलेच काऊन नाई पुरत?" तुम्ही ऐकून घेतलंत. दुसऱ्या दिवशी ते जाळं काढलंत आणि अंगणात सगळ्यांच्या देखत तीनदा धुतलंत, निरम्यात, लिंबात आणि मग परत निरम्यात. ज्या जाळ्याला वास नव्हता ते जाळं. टाकी मात्र तुम्ही त्याआधीच, कोणी उठायच्या आत, उपडी करून ठेवली होती. कूलर त्या महिन्यातच मोडीत दिलात. आणि बांबूची सुई परत हातात घेतली नाहीत. मला वाटायचं चार दिवसांनी घ्याल. पावसाळा गेला, हिवाळा गेला. दाराच्या कडीला दोर नाही, हे मला रोज दिसायचं आणि मी रोज त्या दारातून कॉलेजला जायची.

कारण जूनमध्ये, कोणी न सांगता, तुम्ही डी.एड.चा फॉर्म आणून माझ्यापुढं ठेवला होता. त्यावरून मी ताडलं की तुम्हाला सगळं कळलं आहे. पाणी मी टाकलं हे कळलं, का टाकलं हे कळलं, आणि मला वाचवायला तुम्ही आपल्या जाळ्यावर घेतलं. पुढं कधी तुम्ही माझ्याकडं नुसतं पाहिलंत तरी मला वाटायचं, आता विचारतील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तुम्ही कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, आपल्या दोघांत हे न बोललेलं एक आहे, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. लाज वाटते लिहायला, पण होता.

आता आईचं वाक्य. गेल्या आठवड्यात कशावरून तरी कूलरचा विषय निघाला. ती म्हणाली, "त्या दिवशी ते पानी मीच टाकलं असन वो, घाईघाईत. भाजीची बादली समजून. तुह्या बाबाले मालूम होतं. पन त्या मानसानं मले जनमभर एका शब्दानं बोल नाई लावला." मी म्हटलं, तू तर जाळ्याला शिव्या द्यायचीस. ती म्हणाली, "मंग काय स्वतःले देऊ?" आणि तेलाचं सुरू झालं. म्हणजे ती तेव्हापासून हे मनात धरून बसली होती. माझ्याच गुन्ह्यात दोघं वाटेकरी आणि मी मोकळी. मी तिला त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, कुठलं तेल आणू?

तेव्हापासून माझं डोकं चालत नाही. पाण्याचा वास होता हे तुम्हाला कळलं, ते बोट मी पाहिलं आहे. तळ्यावर वाढलेल्या माणसाला रात्रभर राहिलेलं पाणी ओळखू येणार नाही का? पण पाणी कोणाच्या हातचं समजलात? आईचं समजला असाल तर तुम्ही आईला वाचवलंत आणि मी उगाच मध्ये माझा पाट मांडून बसले. मग फॉर्म का आणलात? आईनं सांगितलं म्हणून आणला असेल, सरळ आहे. आणि माझं समजला असाल तर आईला एवढं तरी का नाही सांगितलंत की बाई, तुझी चूक नाही? की तुम्हाला नक्की माहीतच नव्हतं, दोघींपैकी एक एवढंच माहीत होतं, आणि कोण ते तुम्ही मुद्दाम शोधलं नाहीत? कधी वाटतं, हेच असेल. कधी वाटतं, हे मी माझ्या सोयीचं शोधून काढलं आहे. आणि सुई का सोडलीत, याचं उत्तर तर यातल्या कशातच बसत नाही. जाळ्याचा दोष नव्हता हे तर तुम्हाला पक्कं माहीत होतं.

तुम्ही वारलात त्याच्या आदल्या उन्हाळ्यात जिवतीला माझ्या खोलीवर आला होता. एसटीनं घाट चढून, पिशवीत आंबे घेऊन. तिथल्या शाळेत माझी पहिली नेमणूक होती. तुम्ही खोली पाहिलीत, खिडकीपाशी गेलात आणि वितीनं तिची लांबी-रुंदी घेतलीत. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "इथी बसते एक. जाळं विनून घेईन, महिनाभरात होते." इतक्या वर्षांनी तुम्ही परत जाळ्याचं नाव काढलं होतं. मला धडकीच भरली. कूलर आला की तो दिवस येणार, बोलणं निघणार, आणि मला खरं बोलावं लागणार. मी म्हटलं, इथं नको बाबा, डोंगर आहे, मे महिन्यातही गार असतं. तुम्ही वर टिनाच्या छपराकडं पाहिलंत. कपाळावरचा घाम पुसलात आणि म्हणालात, "बरं हाय मंग." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलात.

हे कुठं पाठवायचं नाही, त्यामुळे शाळेच्या जुन्या वहीतच राहील. आईला सांगेन की नाही, मला ठाऊक नाही. पण एवढं तुम्हाला सांगते. जिवतीत गार नसतं, बाबा. तुम्ही सकाळच्या गाडीनं गेलात, त्या दुपारी मी ओली चादर अंगावर घेऊन फरशीवर पडून होते.