बारा व्होल्टची तार

२ जुलै
जळली! यांच्या खाटेपासून खालच्या शेतातल्या राखणीच्या माळ्यापर्यंत तार ओढली, बटन दाबलं — आणि भोंग्याच्या पेटीतून जळका वास. बॅटरीचे बारा व्होल्ट सरळ चिपमध्ये गेले. तिला सोसतात जेमतेम तीन. आयटीआयत शिकलेलं कुठं गेलं माझं?

३ जुलै
लावणी तोंडावर. मी चिखलात उतरले की यांच्याजवळ कोण? लकवा मारल्यापासून वाचा गेली, उजवं अंग गेलं. डावा हात थरथरतो. नुसता भोंगा जोडला तर थरथरीनंच दिवसभर बोंबलतो! चिप थरथर सोडून देते, नीट दाबलं तरच वाजवते. ओंकारनं, माझ्या भावानं, बेळगावहून दोन पाठवल्या होत्या. एक उरली.
यांची आई, आत्ती, म्हणते, "त्येला काय कळतंय ग आता? उगं तारा वडतीस."

७ जुलै
रेंज मिळेपर्यंत चढ चढले. ओंकार म्हणाला, "अक्का, दोन रेझिस्टर लाव. बारातले तीनच चिपकडं जाऊ देत."
लावले. मीटरवर तीन! भोंगा वाजला. रडले.

९ जुलै
वीज कडाडली. एवढ्या लांब तारेत झटका आला — दुसरी चिपही गेली! खाटेशेजारी बसून राहिले. हे छताकडं बघत होते. यांना खरंच काही कळतं का? देवा, मलाही तसंच वाटायला लागलं.

१० जुलै
जेवले नाही.

१३ जुलै
रामनगरला जाऊन ओंकारनं पाठवलेली पुडी बसच्या कंडक्टरकडून घेतली. नवी चिप, आणि एक इवलासा काळा तुकडा — ऑप्टोकपलर. ओंकार फोनवर समजावत होता, "आत बारीक दिवा हाय. तुझी तार दिवा पेटवणार, पलीकडं उजेड पडला की चिपला कळणार. तार चिपला शिवतच न्हाई. दिव्याच्या आधी रेझिस्टर मात्र विसरू नको!"
घरी येऊन सोल्डरचा एकेक डाग जपून दिला. ही गेली तर संपलं.

१५ जुलै
चिप शाबूत. मी दाबलं की वाजतो. पण हे दाबतच नाहीत! बोटाखाली बटन ठेवते, बोट काढून घेतात. तहान लागली तरी नाही. कुणासाठी केलं मग?

१८ जुलै
रोप लावताना भोंगा वाजला. थांबेचना! चिखलातून धावत घर गाठलं. हे ठीक होते — डोळे चुलीकडं. आत्ती भोवळ येऊन चुलीपाशी पडलेली, पदर पेटलेला. घागर ओतली. आत्तीनं डोळे उघडले.
मागं वळून पाहिलं. यांचं बोट अजून बटनावर दाबलेलंच.