साहेबांची काठी

रविवार, ता. ६ जानेवारी १८९५

फजिती! साहेबांनी आपणहून मैदानावर बोलावले — "क्रिकेट खेळतोस म्हणे, ये, गोल्फ शिकवतो." कचेरीतल्या एवढ्या कारकुनांत मला एकट्याला! आणि मी काय केले? सात वेळा काठी फिरवली, सात वेळा माती उडवली. चेंडू जागचा हलला नाही. मडमा हसल्या. पगडी पडली ती वेगळीच.

साहेबांच्या काठ्या वाहणारा धर्मा कोळी तेवढा हसला नाही.

बुधवार, ता. ९

धर्माला गाठले. काठ्या तेलपाणी करायला दर शनिवारी त्याच्याच घरी असतात. म्हटले, सकाळी चौपाटीवर मला शिकव, गुपचूप. "साहेबाला इचारलाव?" म्हणाला. मी म्हटले, साहेबांना कशाला!

शनिवार, ता. १२

उजाडताच चौपाटी. माझ्या अंगात बॅट मुरलेली — कोपर वर, मनगट ताठ. धर्मा म्हणे, "रावसाहेब, हाताशी भांडू नका. पाग टाकताव तसा आंग फिरवा." पाग म्हणजे त्याचे फेकायचे जाळे. टाकून दाखवलेच. आधी कंबर, मग खांदा, हात सगळ्यांत शेवटी. जाळे गोल उघडून पाण्यावर पडले. मी मात्र सारखा मागे बघत होतो — गिरगावातले कोणी पाहिले तर काय म्हणतील, कोळ्याकडे शिकवणी!

शनिवार, ता. १९

उडाला! एकदाच. पण उडाला!

शनिवार, ता. २६

मोडली. साहेबांची आवडती काठी. धर्मा सांगत होता, "जोर नको, जोर नको." मला मस्ती. वाळूखाली दगड होता, काठीची मान कडकन तुटली. 

धर्मा तुकडे उचलत म्हणाला, "सांगू साहेबाला. तो काय मारतो थोराच?"

मी म्हणालो, "माझे नाव घेऊ नकोस हां, धर्मा."

हे वाक्य लिहून ठेवतो. उद्या मलाच खोटे वाटेल.

रविवार, ता. २७

साहेबांनी विचारले, कुणी मोडली? धर्मा खाली बघत उभा. तीनदा विचारले. तीनदा गप्प. "चालता हो!" धर्माने काठ्यांची पिशवी खाली ठेवली, साहेबांना सलाम केला आणि गेला. माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. बघितले असते तर बरे झाले असते.

मग दुसरी काठी माझ्या हातात. कंबर, खांदा, हात — चेंडू थेट झाडांपलीकडे! टाळ्या. "कोणी शिकवले रे?"

"आपणच शिकवलेत, साहेब."

मंगळवार, ता. २९

जेवण जाईना. कालिंदीला सगळे सांगितले. ताट बाजूला सारून म्हणाली, "इकडून उद्याच सांगून टाकावं." उद्याच. तिला काय, हेड कारकुनाची जागा रिकामी होतेय हे तिला ठाऊक नाही.

शुक्रवार, ता. १ फेब्रुवारी

आज सांगणार होतो. साहेब कामात होते. — नव्हते. दारापर्यंत जाऊन परत आलो.

शनिवार, ता. २

सांगितले.  नोकरी गेली असे धरूनच आत गेलो होतो. साहेब हसायलाच लागले! "काठी? अरे, विलायतेहून पेटी भरून येतात! मी त्याला काठीसाठी नाही काढला. विचारले तर बोलेना, म्हणून काढला. उद्या घेऊन ये त्याला."

एवढेच होते. एवढ्यासाठी मी सात दिवस घाबरलो. आणि तो माणूस सात दिवस घरी बसला. लाज वाटते, दुसरा शब्द नाही. उद्या सकाळीच जातो. पाया पडायची वेळ आली तरी पडेन.

रविवार, ता. ३

माझगावला गेलो. दारात त्याची बायको, सोनूबाई. धर्मा परवाच गेला — झांझिबारच्या जहाजावर खलाशी म्हणून. दोन वर्षांचा करार. परवा मी साहेबांच्या दारातून परत फिरलो, त्याच दिवशी.

"तुमीच का ते रावसाहेब?" म्हणाली, आणि आतून एक काठी घेऊन आली. जुन्या वल्ह्याची, तासलेली, मुठीला सुतळी. "तुमच्यासाठी करून ठेवलीय. म्हनाला, सोताची असली का रावसाहेबांना भ्याव नाय वाटनार."

माझ्या उंचीला बरोबर आहे.