महिनाभर झिरपणारं औषध

चिखली, मंगळवार, कापूस वेचणीचे दिवस

आज पेनाची टोपी हरवली. शासकीय दुखवटा जाहीर व्हायला हवा होता, झाला नाही.

कॉलेजात फार्मसी शिकवणारी पुतणी सांगत होती, स्निग्ध पदार्थांचं असं जेल असतं, जे सुईतून पातळ जातं, अंगात घट्ट होतं आणि औषध महिनाभर झिरपवतं. महिनाभर म्हणे. शेजारच्या रफीकभाईंना हेच हवं. बोंडअळीनं बीटी कपाशी पोखरली तेव्हापासून ते उदास आहेत, आणि त्यासाठी डॉक्टरनं दिलेली रोजची गोळी टाळतात.

“इथं कधी भेटन?” मी विचारलं.

“काका, अजून उंदरांवरच प्रयोग चालू आहेत.”

म्हणजे आधी उंदीर खुश होणार.

चिडूनच रफीकभाईंकडे गेलो. गोळी घेतली का विचारलं, तर ते म्हणाले, “गोळीनं अळी मरते काय, भाऊ?”

त्यांचा एक चहा माझ्याकडे बाकी होता. थर्मास नेलाच होता. चहा ओतला, त्यांचीच गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि त्यांनी ती गिळेपर्यंत उठलो नाही.