छप्पनचं माप

नाब्लुस, ३ फेब्रुवारी १९८६

ती. रिहाबताईस,
नाइफचा सलाम वि. वि.

आम्ही बरे आहोत. आईचे गुडघे दुखतात, तरी मोहल्ल्यात कुणी बाई गेली की मय्यतीला न्हाऊ घालायला तीच पुढे. तुझं पत्र मात्र तिला दोनदा वाचून दाखवावं लागतं.

कारखान्यात घोळ झालाय. मऊ साबणाचं पोटॅश सरहद्दीच्या पुलावर तपासणीत अडकलं. वजीहकाका म्हणाले, कडक साबणाचा कॉस्टिक सोडा आहे ना, खार तो खारच! आजोबांच्या मापात छप्पन किलो पोटॅश आहे, म्हणून छप्पन किलो सोडा कढईत ओतायला लावला. कमी घालू का विचारलं तर खेकसले, की आपल्या घराण्यात कुणी माप मारत नाही. साबण डब्यात दगड होऊन बसलाय. खार उरलाय का बघायला रिवाजाप्रमाणे जिभेला लावून पाहिला, तर जीभ सोलली. तू अम्मानला पोरींना रसायन शिकवतेस, काय चुकलं ते सांग.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा नाइफ

अम्मान, ९ फेब्रुवारी

चि. नाइफ,
अनेक आशीर्वाद.

वाचून शिसारी आली. काकांची, आणि थोडी तुझीही. साबणात जन्म गेला आणि जीभ कुठे लावू नये एवढं कळेना!

अरे, जेवढं तेल छप्पन किलो पोटॅश मुरवतं, तेवढंच चाळीस किलो सोडा मुरवतो. वजन नाही, काम सारखं हवं. त्यालाच आम्ही सममूल्य भार म्हणतो. वरच्या सोळा किलो सोड्याला तेल मिळालेलं नाही, आता तो माणसाची कातडी खाईल. साबण पुन्हा वितळव, आणखी तेल घाल. काकांना तेल महाग वाटलं तर पुरून टाक. पण कुणाच्या हाती पडू देऊ नकोस.

आईला जप.
तुझी रिहाब

नाब्लुस, २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सलाम.

काकांनी तेल दिलं नाही. मी उधारीवर मिळतं का बघायला तुलकर्मला गेलो, तेवढ्यात त्यांनी सगळे डबे मय्यतीच्या न्हाणीघराला दान केले. म्हणे, मेलेल्यांना कुठे चटके बसतात, आणि आपल्याला पुण्य.

परवा बेकरीवाल्या सुब्हीची सासू गेली. आईने तिला त्याच साबणाने न्हाऊ घातलं. हात भाजत होते, पण म्हातारीला अर्धवट कशी सोडू म्हणून शेवटपर्यंत केलं. बोटांची सालं निघालीत. मी घास भरवतो. काका मलम घेऊन आले, तर तिने हात शालीत लपवले आणि तोंड फिरवलं. उरलेले डबे मी पुरले. काकांच्या कढईला पुन्हा हात लावणार नाही, हेही त्यांना तोंडावर सांगितलं.

आईचा निरोप आहे, रडू नकोस. आणि आणखी एक. ती गेली की तिला नुसत्या पाण्याने न्हाऊ घालायचं, आपल्या घरचा साबण अंगाला लावायचा नाही. मी हो म्हणालो. तुझंही हो तिला हवंय, लवकर कळव.

तुझा नाइफ